मरण्यासाठी लावलेल्या केळी

मृणालिनी तावडे केळं सोलून खात नाही. आधी सुरीने आडवं कापते, डोळे बारीक करून आत बघते, मग खाते.

लग्नाच्या पंगतीत केळीचं पान समोर आलं की ते उलटं करून शिरा तपासते. वाढपी भाताचं पातेलं घेऊन ताटकळतो.

राणीच्या बागेतून बाहेर पडताना चपलांचे तळवे धुते. बाटलीतलं प्यायचं पाणी त्यावर संपवते, आणि मग तहान लागली म्हणून कुरकुरते.

टॅक्सीवाल्याला त्याचं गाव विचारते. गाव बिहारमधलं निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला. "भैया, आपके यहाँ केले पीले पड़ रहे हैं क्या?"

केळीला 'ती' म्हणते आणि बुरशीला 'आमचा'. "आमचा आज काही वाढला नाही," असं बसमध्ये फोनवर बोलते. शेजारची बाई हळहळून तिच्या हाताला हात लावते.

फार आनंद झाला की तिला आधी उचकी लागते. हसू नंतर येतं.

विनीतला हे सगळं पाठ होतं. दोघं दादरच्या एकाच कॉलेजात होते. ती विज्ञानाला, तो साहित्याला. नाट्यमंडळात ओळख झाली. तो संवाद विसरायचा आणि ती पडदा पाडून त्याची लाज राखायची. तो गिरगावचा. घरात चार पिढ्या वकील आणि कारकून. पाचव्या पिढीत हा एम.ए. मराठी, एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासणारा. ती घोडपदेवच्या पारकर चाळीतली. मूळ गाव मालवणकडे, आजोबा गिरणीत, आणि ही परळच्या एका संशोधन संस्थेत केळीच्या मर रोगावर पीएच.डी. करत होती.

मर रोग हे नाव ऐकून विनीत आधी हसला होता.

"मर म्हणजे काय?"

"मर म्हणजे मर. झाड मरतं. शेतकऱ्यांनी ठेवलंय नाव. तुम्ही लोकांनी ठेवलं असतं तर अजून समास सोडवत बसलो असतो."

मग तिने समजावलं होतं. दादरच्या फूलबाजाराजवळ, उभ्या उभ्या पियूष पीत. बुरशी मातीत असते. मुळांतून आत शिरते. खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत चढते. झाड तिला अडवायला स्वतःच्याच नळ्या बुजवून घेतं. पायाशी पाणी असतं आणि झाड तहानेने मरतं. खालची पानं पिवळी पडून खोडाभोवती परकरासारखी लोंबतात.

विनीतच्या अंगावर काटा आला. तिचे डोळे मात्र चमकत होते.

"आता ऐक, खरी मजा पुढे आहे. केळीला बी नसतं. म्हणजे मुनव्यापासून मुनवा, पिल्लापासून पिल्लू. आईची हुबेहूब नक्कल. जगातल्या सगळ्या वेलची केळी मिळून एकच बाई आहे, कळलं? एकीचं कुलूप उघडलं की सगळ्या जणींची घरं सताड उघडी."

"आणि चोर?"

"चोर तयारीचा. त्याची गुणसूत्रं दोन प्रकारची. एक रोजची. खा, वाढ, बीजाणू सोड. दुसरी जास्तीची. सगळ्या चाव्या त्या जास्तीच्या जुडग्यात. ते जुडगं नसेल तर हीच बुरशी गरीब गाय. पालापाचोळा खाऊन राहते बिचारी. आणि यार—" उचकी. "आणि यार, ते जुडगं एका बुरशीकडून दुसरीकडे जाऊ शकतं! नुसतं शेजारी वाढताना! टोमॅटोच्या बुरशीत लोकांनी प्रयोगशाळेत बघितलंय. काल सज्जन, आज खुनी."

"म्हणजे वाईट संगत."

"संगत नाही रे. जनुकं. प्रथिनं करायच्या कृती. तू कशातही नीतिकथा घुसवतोस."

तिने पियूषचा पेला उपडा करून शेवटचा थेंब काढला. विनीत तिच्याकडे बघत राहिला. मरणाबद्दल इतक्या आनंदाने बोलणारं माणूस त्याने पुस्तकांतही पाहिलं नव्हतं.

पारकर चाळीच्या मागे, मोऱ्यांच्या पाइपांखाली केळीचं एक बेट होतं. जाईबाईंच्या सासूने मालवणहून बोटीने येताना पंच्यात गुंडाळून मुनवा आणला होता, त्याचं हे गोत. जाईबाई म्हणजे तावड्यांच्या शेजारच्या खोलीतल्या. सत्तरी उलटलेली, आवाज खणखणीत. बेटावर त्यांचा हक्क. पानं हवी तर मागून घ्यायची. खोडाला कोयता लावायचा नाही. केळी आखूड, जाड सालीची, जराशी आंबूस. त्या जातीचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. चाळीतली केळी, एवढंच.

चाळीत सत्यनारायण बारमाही. लग्न झालं, पूजा. बारसं झालं, पूजा. पोरगं बारावी सुटलं, पूजा. चौरंगाला चार बाजूंनी केळीचे खुंट बांधायचे. घरच्या बेटाचे खुंट कापले तर जाईबाई अंगावर येणार, म्हणून ते दादरहून आणायचे. कुठल्या कुठल्या वाड्यांतले. पूजा झाली की अडचण. देवाजवळचे खुंट कचऱ्यात कसे टाकायचे? समुद्रापर्यंत कोण जाणार? म्हणून ते मागच्या बेटाच्या बुंध्याशी नेऊन ठेवायचे. चाळ कमिटीचे अध्यक्ष अप्पा म्हणायचे, "आपल्या माणसांत गेले." ते तिथेच कुजायचे.

ह्या पावसाळ्यानंतर वरच्या मजल्यावर एक बारसं झालं. दुसऱ्या दिवशी खुंट ठेवायची पाळी मृणालची आली. ठेवता ठेवता तिची नजर एका खुंटाच्या कापलेल्या तोंडावर गेली. पांढऱ्या गरात तपकिरी धागे.

तिने विनीतला फोन केला. "ये. आत्ता."

तो मुद्रितांची पिशवी घेऊनच आला. ती बेटासमोर उकिडवी बसली होती. उचक्यांनी तिला बोलता येत नव्हतं.

"हा खुंट आजारी आहे," ती शेवटी म्हणाली.

"अरेरे."

"अरेरे काय? असे किती खुंट इथे कुजले असतील सांग! आजोबांच्या वेळेपासून. त्यांतले थोडे तरी आजारी असणारच. बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. म्हणजे आपण हिला पिढ्यान् पिढ्या विष चारतोय. कुठल्याही शास्त्रज्ञाला असा प्रयोग कोणी करू देणार नाही. आणि आमच्या चाळीने भक्तिभावाने केलाय!"

विनीतने वर पाहिलं. बेट हिरवंगार होतं. एक घड पाइपाला टेकून आरामात लोंबत होता.

"आणि हिला?"

"काही झालेलं नाही. हिच्याकडे काहीतरी आहे, विनीत. कुलूपच वेगळं आहे हिचं."

घाई होती ती वेगळ्या कारणाने. चाळ पुनर्विकासाला गेली होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. तीन महिन्यांनी वर्षाची सार्वजनिक पूजा होती; ती पार पडली की त्यानंतरच्या सोमवारी आधी मागची बाजू साफ होणार होती. म्हणजे बेट जाणार होतं.

"मग दोन मुनवे काढ आणि आमच्या गॅलरीत लाव," विनीत म्हणाला.

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

"मुनव्याबरोबर माती जाते आणि मातीबरोबर आमचा जातो. असाच पसरलाय तो. नाही. मुनवा धुवायचा, सोलत सोलत आतला कोंब काढायचा, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि बाटलीत वाढवायचा. टिश्यू कल्चर. त्याला बाटल्यांची फळी लागते. फळी गुप्ते मॅडमच्या हातात."

गुप्ते मॅडम मृणालच्या मार्गदर्शक. बुटक्या, शांत, कोणत्याही बातमीने न हलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"चाळीतली केळ जगली, ह्याचे दोन अर्थ," त्या म्हणाल्या. "एक, केळ जबरदस्त आहे. दोन, मातीत रोगच नाही. दुसरा अर्थ कंटाळवाणा आहे. बहुतेक वेळा तोच खरा निघतो. तुझ्याकडे माती मारक असल्याचा पुरावा आहे का?"

"नाही."

"मग त्या मातीत वेलचीची रोपं लाव. मेली, तर ये. फळ्या भरलेल्या आहेत, मृणालिनी. प्रत्येक फळीमागे एक रडणारा विद्यार्थी उभा आहे."

ती माती चाळीबाहेर न्यायची नाही असं मृणालचं ठरलेलं. म्हणून कुंड्या चाळीतच आल्या. गॅलरीच्या टोकाला, जाईबाईंच्या दारासमोर, पत्र्याच्या ट्रेमध्ये. संस्थेतली वेलचीची निरोगी रोपं. अर्ध्या कुंड्यांत बेटाखालची माती जशीच्या तशी, तिथे लाल काडी. उरलेल्या अर्ध्यांत तीच माती शिजवून, तिथे पांढरी काडी. शिजवलेल्या मातीत बुरशी मरते. लाल काडीच्या केळी मेल्या आणि पांढरीच्या जगल्या, की मॅडमचं तोंड बंद.

माती शिजवायला आईचा जुना कुकर.

"ह्यात मी मटण शिजवते!" आई ओरडली.

"आता नको शिजवूस."

"किती शिट्ट्या?" विनीतने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आईने त्यालाही झापलं.

चाळभर ओल्या मातीचा वास सुटला. अप्पा डोकावून म्हणाले, "काय गं, आज काय बेत?"

रोपं लावली आणि वाट बघणं सुरू झालं. मृणाल सकाळ-संध्याकाळ ट्रेपुढे बसायची. लाल काडीवाल्यांच्या कानात म्हणायची, "चला गं, आटपा." गॅलरीतून जाणाऱ्यांना ते ऐकू यायचं. लोकांना वाटायचं, ती त्यांना वाढायला सांगतेय.

ह्या मधल्या काळात तिला तिरुचिरापल्लीला जावं लागलं. केळीवाल्यांची परिषद होती. निघताना पाठीवर बॅग, एका हातात डबा, आणि जिना उतरता उतरता ओरडून सूचना.

"विनीत, रोज फोटो पाठव! जाईबाई, झाडांकडे लक्ष ठेवा हं!"

"जा गो बाय, मी आसंय," जाईबाई म्हणाल्या.

विनीत गिरगावातून रोज यायचा. फोटो काढायचा, चहा प्यायचा, जायचा. काही दिवसांनी लाल काडीच्या रोपांची खालची पानं कडेने पिवळी पडली. त्याने घाबरत फोटो पाठवला. उत्तरादाखल नाचणाऱ्या बाईच्या चित्रांची रांग आली, फोनचा पडदा भरून. त्यानंतर रोपं आणखी पिवळी पडली. आणखी बायका नाचल्या.

मग एका सकाळी सगळी रोपं हिरवी.

विनीतने डोळे चोळले. लाल काड्या जागच्या जागी होत्या. त्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'अगं, बऱ्या झाल्या!'

फोन लगेच वाजला.

"बऱ्या म्हणजे?"

"म्हणजे छान. टवटवीत."

"विनीत, हा रोग बरा होत नाही. जगात कोणाची बरी झालेली नाही."

"मग चाळीतली हवा चांगली असेल."

मग तिचा आवाज, एकदम लहान झालेला. "म्हणजे पिवळी पानं दुसऱ्याच कशाने होती. मातीत रोग नाही. मॅडमचाच अर्थ खरा."

विनीतला तिचा तो आवाज नवा होता. हिरव्या झाडांचं दुःख त्याला आयुष्यात पहिल्यांदा झालं.

ती परतली ती स्टेशनवरून थेट गॅलरीत. बॅग पाठीवरच. ट्रेपुढे बसली. एक पान बोटांत धरलं. उलटं केलं. मग दुसरं. विनीत मागे उभा होता.

"हे काय आहे?" तिने पानावर बोट ठेवलं. हिरव्या पानावर चॉकलेटी डाग होते, शाई सांडल्यासारखे.

"रोग?" विनीतने आशेने विचारलं.

"जात! बाजारातल्या मोठ्या केळ्याच्या रोपांना लहानपणी असे डाग असतात. माझ्या वेलचीला नव्हते." ती उठली. "ह्या माझ्या केळी नाहीत. माझ्या केळी कुठेयत?"

कोणी तरी वाळलेले कपडे पुन्हा पिळू लागलं. अप्पांनी पेपर तोंडापुढे धरला. तो उलटा होता.

जाईबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कित्याक आराडतंस गो?"

"जाईबाई, माझी झाडं!"

"ही काय. हिरवीगार. आता पास होतलंस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोपं पिवळी पडताना चाळीने पाहिली. पोरगी परगावी. इतकी वर्षं रात्रंदिवस शिकतेय. मॅडमसमोर पोरीची फजिती होणार. मग गॅलरीत बैठक बसली. अप्पा स्वतः दादरच्या नर्सरीत गेले आणि तशीच दिसणारी रोपं घेऊन आले. जाईबाईंनी ती नव्या लाल मातीत लावली. सगळ्या चाळीला शपथ घातली गेली. विनीतला सांगायचं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

"काड्या मात्र जिथल्या तिथे लावल्या," अप्पा पेपराआडून म्हणाले. "लाल ती लाल जागी. आम्ही काय अडाणी नाही."

"अहो अप्पा, त्या मरायलाच लावल्या होत्या!"

अप्पांचा पेपर खाली आला.

"मरूक?" जाईबाई म्हणाल्या. "मरूक झाडां कोण लावता?"

"मी! त्या मेल्या असत्या तर मागचं बेट वाचलं असतं! तुमच्या सासूचं!"

जाईबाईंनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग मृणालकडे. "ह्या आधी सांगूक नको? जाताना म्हणालंस, लक्ष ठेवा. ठेवलंय लक्ष. पिवळी पडली तर काय बघीत रवतलंय?"

"जुनी रोपं कुठे टाकलीत?"

जाईबाईंचा चेहरा पडला. त्या आत गेल्या. खाटेखालून फरफटत आवाज आला. बाहेर आली ती कपडे भिजवायची निळी बादली. त्यात लाल काडीच्या सगळ्या केळी, आपापल्या मातीच्या ढेकळासकट. मुळांशी हळद. वर ताक ओतलेलं. प्रत्येकीच्या खोडाला अंगाऱ्याचं बोट.

"जित्या झाडाक उकिरड्यार कसा टाकूचा?" त्या पुटपुटल्या. "म्हटला, सेवा करूया. पण गुण नाय इलो. मेली गो सगळी."

"मेली?" मृणालचा आवाज चढला. "नक्की? सगळी?"

"एकूण एक."

तिने बादलीतली पहिली केळ उचलली, कागदावर ठेवली, बॅगेतून सुरी काढून खालचा गड्डा आडवा चिरला. सगळी चाळ वाकून बघत होती. आत कापलेल्या सुपारीसारखी नक्षी होती. पांढऱ्यात तांबूस तपकिरी रेषा, गोल फिरलेल्या.

उचकी.

मग दुसरी केळ. तीच नक्षी. उचकी, उचकी, आणि मग हसू फुटलं. तिने जाईबाईंना मिठी मारली. त्यांना घेऊन ती गॅलरीत गोल फिरली, बादलीला वळसा घालून. "मेल्या! सगळ्या मेल्या! आणि पांढरीच्या जिवंत! जाईबाई, मेल्या!"

"सोड गो, पडतलंय!" जाईबाई ओरडत होत्या, पण पाय त्यांचेही ठेक्यात पडत होते.

"अभिनंदन," अप्पा म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं. मग टाळ्या सुरू झाल्या. मेलेल्या झाडांना चाळीने टाळ्या वाजवल्या. विनीत कठड्याला टेकून उभा होता. त्याने इतक्या शोकांतिका वाचल्या होत्या. अशी एकही नव्हती.

त्यानंतर मृणालने चाळीला वेठीला धरलं. ज्याने ज्याने बादलीला हात लावला त्याचे हात, बादली, खाटेखालची फरशी, सगळ्यांच्या चपला, सगळं औषधाच्या पाण्याने धुतलं. मग केळी पिशवीत बंद करून परळला नेल्या.

मॅडमनी चष्मा पुसला.

"हळद आणि ताक," त्या म्हणाल्या.

"आणि अंगारा," मृणाल म्हणाली.

"ताकाच्या बादलीतून आलेली बुरशी मी अशी मानणार नाही. मातीत ह्या जातीच्या बुरशा ढीगभर असतात. साध्याही असतात. गड्ड्यातून काढ, वाढव, आणि जनुक दाखव. जुडग्यातली चावी तिच्याकडे आहे का, ते दाखव. असली तर फळी."

मृणालने ते विनीतला फोनवर सांगितलं. कोविडच्या वेळी नाकात काडी घालून करायचे तसलीच चाचणी. बुरशीतून डीएनए काढायचा. जुडग्यातल्या एका जनुकावर नेम धरायचा. ते असेल तर त्याच्या लाखो नकला होतात आणि जेलीवर पट्टी उमटते. नसेल तर जेली कोरी.

"आणि कोरी आली तर?"

"तर सोमवारी जेसीबी," ती म्हणाली. त्यावर तिने विनोद केला नाही.

बुरशी वाढायला तिचा वेळ घेते. चाचणीचा दिवस आणि पूजेचा दिवस एकच निघाला. मृणालची आई पूजेचा वसा सोडू देईना. मॅडम म्हणाल्या, जेली मी बघते, तू जा, इथे नखं खात बसू नकोस.

चाळीतली ही शेवटची पूजा. पताका लागल्या होत्या. शिऱ्याचा वास जिन्यात भरला होता. मृणाल जरीची साडी खोचून चौरंगाला खुंट बांधत होती. ओला खुंट सुळसुळीत असतो. सुतळी घसरते. खुंट उभा राहील अशी गाठ चाळीत दोघांनाच यायची, अप्पांना आणि तिला. अप्पांचा हात हल्ली कापतो. पहिला खुंट उभा राहिला. दुसरा राहिला. तिसऱ्याच्या वेळी तिने विनीतला खुंट धरायला लावला.

"हलवू नकोस."

"तूच हलतेयस."

खरं होतं. फोन तिने चौरंगाखाली उपडा ठेवला होता, दिसू नये म्हणून. दर मिनिटाला तो सुलटा करून बघत होती.

चौथ्या खुंटाला सुतळीचा पहिला वेढा पडला आणि फोन वाजला.

मृणालने तो कानाला लावला. चाळ चौरंगाभोवती गोळा झाली. चाळीला एव्हाना पट्टी म्हणजे काय ते चांगलं कळत होतं. सकाळपासून खालच्या मजल्यावरूनही विचारणा चालू होती, पट्टी आली का.

"हो मॅडम," ती म्हणाली. "हो. हो." मग उचकी. मग दुसरी.

"इली!" जाईबाईंनी ओरडून सांगितलं. उचकीचा अर्थ त्यांना विनीतइतकाच पाठ होता.

मॅडमचा आवाज फोनबाहेर येत होता. पट्टी ठळक होती. फळी रिकामी करून ठेवली होती. पण उद्यापासून बाटल्यांची खोली धुरी द्यायला बंद होणार होती. "मुनवे आजच आण. आत्ता. माती धुऊन. आणि चपला धुऊन, मृणालिनी!"

तिच्या हातून सुतळी सुटली. खुंट विनीतच्या पायावर पडला. ती जिन्याकडे धावली. सगळी चाळ तिच्यामागे. मागच्या अंगणात कोयता, बादल्या, औषधाचं पाणी, सगळं सकाळपासून मांडून ठेवलेलं होतं. तिने आशा सोडली नव्हती तर.

बेटापुढे ती थांबली. जाईबाईंकडे पाहिलं.

जाईबाईंनी पूजेच्या तबकातलं हळदकुंकू आणलं होतं. सर्वांत जुन्या खोडाला लावलं. मग त्या बाजूला झाल्या. "काप," त्या म्हणाल्या.

मृणालने तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे निवडले. गड्ड्यासकट उपटले. धुतले, पुन्हा धुतले, पिशव्यांत बंद केले.

"बाटलेत रवतली ती?" जाईबाईंनी विचारलं. "गुदमारूची नाय मगे?"

"नाही. तिथून हजार होतील. दोन हजार. ही का मरत नाही ते शोधून काढेन. हिच्यातलं कुठलं जनुक ती चावी ओळखतं ते. वर्षं लागतील."

"लागांदेत."

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबवली गेली. मृणाल मागे बसली, मांडीवर पिशव्या. पुढचं दार उघडून जाईबाई बसल्या. नऊवारी, नथ, हातात रिकामं तबक.

"अहो जाईबाई!" अप्पा वरून ओरडले. "पूजा!"

"देव खंय जावचो नाय!" त्यांनी खिडकीतून हात हलवला. टॅक्सी वळली. वळताना मृणाल ड्रायव्हरला काहीतरी विचारत होती आणि तो मान हलवत होता.

विनीत वर आला. चाळ अजून मागच्या अंगणात होती, एकमेकांना पट्टीची गोष्ट सांगत. चौरंगापाशी भटजी येऊन बसले होते. तीन खुंट ताठ उभे होते. चौथा जमिनीवर.

"हा कोणी बांधायचा?" भटजींनी विचारलं.

"ती बांधत होती," विनीत म्हणाला.

"कुठे गेली?"

विनीतने खुंट उचलून चौरंगाच्या पायाला टेकवला, सुतळी घट्ट ओढली. खुंट सावकाश घसरला आणि पुन्हा आडवा झाला. सुतळीचा एकच वेढा त्याच्या कमरेला होता आणि दुसरं टोक मोकळं, दाराच्या दिशेला.